कौतिका नावाचा डबा

७ जानेवारी, बुधवार

निशिगंधा आली पुण्याहून. माझी नात, राजकुमारची पोरगी. कपड्याची बॅग हातभर अन् संगं खोकं हे एवढं. मले वाटलं आजीसाठी काही खायचं आणलं. उघडलं तर काळे डबे. लोणच्याच्या बरणीएवढे, पण झाकण नाही, बूड नाही, सगळीकून सारखेच.

तिची कंपनी बोलणारे डबे बनवते. शेतकऱ्याच्या घरी ठेवायचे म्हणे. तुरीचा भाव विचारा, पाणी येते का विचारा, कोणती फवारणी मारू विचारा, मराठीत सांगते. मी म्हणलं, हे तर पारावरचे रिकामटेकडे बी सांगतात, त्याइले वायर लागत नाही.

तर हा डबा आपल्या मनानं बोलत नाही. झोपून राह्यते. नाव घेऊन हाक मारली का उठते, सांगितलं तेवढं करते अन् पुन्हा झोपते. ते नाव कोणतं ठेवायचं हे ठरवायले पोरीले गावात पाठवलं.

"इंजिनीयर होऊन डब्याचं बारसं करायले आली का वं?"

"आजी, बारसंच अवघड असतं. नाव चुकलं तर डबा भलत्या वेळी उठतो, नाहीतर उठतच नाही. मग लोक फेकून देतात."

घरभर डबे मांडले. एक स्वयंपाकघरात, एक ओसरीवर, एक यांच्या खाटेपाशी. हे म्हणजे माझा नवरा. बाकीचे शेजाऱ्यापाजाऱ्याले दिले. सून शारदा मले म्हणते, आई, हळू बोला, सगळं त्यात जाते. माझ्याच घरात मी हळू बोलू. म्हणून राजकुमारच्या दुकानात बियाण्याच्या कंपनीनं दिलेली ही डायरी घेतली. चौथीपर्यंत शाळा झाली आहे माझी. जे तोंडानं बोलायची बंदी, ते इथी लिहीन.

९ जानेवारी, शुक्रवार

पुण्याच्या हापिसातल्या शहाण्यांनी तीन नावं देऊन पाठवलं होतं. पहिलं ताई. सकाळी शेजारची सिंधूताई विरजण मागायले आली. शारदा म्हणे, या ताई. लगेच डबा बोलला, "बोला, ऐकते आहे." सिंधूताईनं बिचारीनं त्याच्याकडं वाटी धरली अन् म्हणे, थोडं दही पायजे होतं. मी हसली नाही. गावात जिले तिले ताई म्हणतात हे समजायले पुण्यात हापिस कायले लागते.

दुसरं माउली. संध्याकाळी यांचे दोस्त ओसरीवर बसले. एकमेकाले माउली, माउली. डब्याले दम नाही घेऊ दिला. तिसरं सखी. ते डब्याले ऐकूच येत नव्हतं, अन् कोणी ‘सकाळी’ हा शब्द म्हणलं का मात्र उठे.

मी निशिगंधाले विचारलं, तिन्ही नावं बाईचीच काऊन?

म्हणे, लोकांना बाईचा आवाज मदत करणारा वाटतो.

"हुकूम सोडायले बरा वाटते, असं म्हण."

"तसं नाही गं आजी."

तसंच आहे. पण पोरीले कोणी हुकूम सोडत नाही अजून, तिले काय समजणार.

११ जानेवारी, रविवार

आज माझीच चूक झाली. जीभ कापून टाकावं वाटते.

दुपारी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. निशिगंधा तोंड पाडून बसली. म्हणे, आजी, मला असं नाव पाहिजे जे लहानही नाही, फार मोठंही नाही. त्यात क, ट, त असे टणक आवाज पाहिजेत. अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते घरात दिवसभरात कोणीच चुकूनही घेत नाही असं पाहिजे.

मी शेंगेचं टरफल फेकलं अन् टोमणा मारायचा म्हणून म्हणलं, "मग माझं माहेरचं घे. ते या घरात कोणी कधी घेतलंच नाही."

"तुझं माहेरचं नाव वेगळं होतं?"

बापाले बी माहीत नाही तिच्या, तिले कुठून माहीत. मी म्हणलं, कौतिका.

पोरगी एकदम उभी राह्यली. आतून डबा आणला, मोबाईलवर काहीतरी खटखट केलं अन् त्याले म्हणे, कौतिका. उठला. दुरून म्हणलं, उठला. मिक्सर चालू करून म्हणलं, तरी उठला. मग ती बाकीचे शब्द म्हणून पाहू लागली, कपाट म्हण, कोथिंबीर म्हण, कौतुक म्हण. कौतुकाले तेवढा उठला. तोंड पडलं पोरीचं. मी म्हणलं, भिऊ नको, त्यानं काही अडत नाही, या घरात कौतुक कोणी करत नाही. ती खो खो हसली. मी बी हसली, हे खरं लिहितो.

नाव गेलं ते लग्नात. मी जळगाव जामोदकडची, सातपुड्याखालची. वरात इथी आली. सासऱ्याच्या भटजीनं सांगितलं, ‘व’ अक्षरावरून नाव काढा. ताटात तांदूळ पसरले अन् यांनी अंगठीनं त्याच्यात वच्छला लिहिलं. मी समोर बसेल होती, उलट्या बाजूनं वाचलं. त्या खोलीतल्या बायांमधी वाचता एकटीले मलेच येत होतं. कोणी विचारलं नाही, अन् मी बी बोलली नाही. तेव्हापासून वच्छलाबाई. माहेरी गेली का भाऊ कौतिका म्हणायचा. तो गेला, विषय संपला. हे सगळं पोरीले बी सांगून बसली.

पोरीनं पुण्याले फोन लावला. तिचं इंग्रजी मले समजलं नाही. मधून मधून कौतिका, कौतिका तेवढं समजलं.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाले बाया आल्या. वाण घ्यायचं सोडून सगळ्या डब्याभोवती. ये कौतिका, सोन्याचा भाव सांग. ये कौतिका, गाणं लाव. ये कौतिका, तुले नवरा आहे का. मग खिदळणं. डबा सगळ्याइले गोड गोड बोलत होता. मी तीळगूळ वाटला. 

सिंधूताई म्हणे, वच्छलाबाई, पोरीनं नाव झकास शोधलं हो, कोण्या जुन्या बाईचं वाटते.

मी म्हणलं, घ्या, गोड बोला.

१६ जानेवारी, शुक्रवार

लिहू का नको असं झालं. लिहितो.

मी भाकरी थापत होती. तवा तापला होता, हात पिठाचे. ओसरीवरून हाक आली, "कौतिका."

मोठ्यानं, मर्दाचा आवाज. मी तशीच उठली. पिठाचे हात घेऊन दारात गेली अन् म्हणलं, "ओ, आली."

तिकून डबा म्हणे, "बोला, ऐकते आहे."

हे खाटेवर बसेल. माझ्याकडं पाह्यलं अन् म्हणे, "तुले नाही. त्याले हाक मारली. बाजारभाव विचारून राह्यलो."

या माणसानं लग्न झाल्यापासून मले कोणत्याच नावानं हाक मारली नाही. अवं, नाहीतर ऐकलं का. अवं म्हणलं का मी उठली, पाणी दिलं, पंचा दिला, पुन्हा जाऊन बसली. वच्छला त्यानं तांदळात लिहिलं तेवढंच, तोंडानं ते बी नाही. अन् आज पहिल्यांदा माझं खरं नाव त्याच्या तोंडून आलं, तर ते डब्यासाठी. त्याले ठाऊक बी नाही का ते माझं आहे. लग्नाच्या पत्रिकेत छापेल होतं की. चि. सौ. कां. कौतिका. वाचलं असंल, इसरला असंल.

"अवं, भाकरी करपून राह्यली," असं म्हणे मग. माझ्यासाठी अवं अन् डब्यासाठी कौतिका.

भाकर करपली. तीच वाढली.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी उठून घरातले सगळे डबे गोळा केले अन् ज्वारीच्या ड्रमात घातले. वरून ज्वारी लोटली.

निशिगंधा आंघोळ करून आली तर कौतिका कौतिका करत घरभर फिरते. ड्रममधून दबक्या आवाजात, "बोला, ऐकते आहे." मग काय, धावली, कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढले, फुंकर मारून मारून ज्वारी झटकू लागली.

"आजी, हे काय वेड्यासारखं?"

"माझं नाव काढ त्याच्यातून."

"अगं, पण तूच सांगितलंस ना."

"सांगितलं म्हणजे दिलं नाही. तू सांगते का शेजाऱ्याले, का आमच्या घरी दागिने आहेत? मग तो येऊन नेते का?"

पोरगी माझ्यापाशी जमिनीवर बसली. म्हणे, आजी, तुझं नाव मरून गेलं होतं. मी ते परत आणलं. उद्या महाराष्ट्रात घरोघर लोक तुझं नाव घेतील. तुला आनंद नाही होत?

"मेलं नव्हतं. ठेवेल होतं. अन् घरोघर काय घेतील? कौतिका पंखा बंद कर, कौतिका लाईट लाव, कौतिका तू बहिरी झाली का. माझं नाव घरोघर धुण्याभांड्याले लावून राह्यली तू."

तिनं डब्यावरचा ज्वारीचा दाणा काढला. मग हळूच म्हणे, हे नाव पास झालं तर मी पर्मनंट होईन, आजी. नाही झालं तर पुण्यात राहायचं कसं तेही माहीत नाही. आमच्या ऑफिसच्या मॅडमना फार आवडलंय. बुधवारी त्या स्वतः येतायत, तुझी फिल्म काढायला.

"माझी काऊन?"

"तुझ्या नावाची गोष्ट मी त्यांना सांगितली."

म्हणजे तांदळाचं ताट बी विकलं पोरीनं. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. शारदा मधी पडली, आई, पोरीच्या पोटावर पाय नका देऊ. मी म्हणलं, अन् माझ्यावर कोण उभं आहे ते दिसत नाही का तुले?

तिनं खाली पाह्यलं. तिचं बी माहेरचं नाव दुसरं होतं. मले ठाऊक नाही कोणतं. विचारलं नाही कधी.

१९ जानेवारी, सोमवार

अबोला. पोरगी ताट घेऊन गच्चीवर जेवते. जेवू दे.

तुरीची डाळ करून ठेवली तिच्यासाठी, जाताना न्यायले. अबोला डाळीसंग नाही.

२१ जानेवारी, बुधवार

गाडी आली पांढरी. सुचिता मॅडम, निशिगंधाची साहेब. चाळिशीची बाई, केस कापेल, बोलणं लोण्यासारखं. संगं कुलदीप नावाचा पोरगा कॅमेरा घेऊन. आल्या आल्या माझ्या पाया पडल्या, शाल घातली, हातात नारळ दिला. पाहुण्यांचा पहिला हात पायाले गेला का आपलं काहीतरी जाणार, हे मले समजते.

मले अंगणात चुलीपाशी बसवलं. घरात गॅस आहे, पण त्याइले चूल पायजे होती. पाणी तापवायची चूल, तिच्यावर रिकामा तवा ठेवला. नवं लुगडं नको म्हणे, रोजचंच नेसा. डबा माझ्यासमोर पाटावर मांडला, गणपती मांडतात तसा. हे ओसरीवर खुर्ची टाकून पाहत होते. राजकुमार दुकान बंद करून आला होता. पोरीच्या नोकरीचं होतं ना, सगळे सोवळ्यात उभे.

मॅडम म्हणे, "आजी, तुम्ही फक्त डब्याला कौतिका म्हणून हाक मारायची. तो बोलला की त्याच्याकडे बघून म्हणायचं, मला माझं नाव परत मिळालं. अन् मग पदरानं जरा डोळे."

"मले कुठी मिळालं? ते तर याले मिळालं."

कुलदीप हसला. मॅडमनं त्याच्याकडं पाह्यलं, तो थांबला.

"आजी, किती सुंदर नाव आहे तुमचं. मातीतलं आहे. आम्ही शेकडो नावं ऐकली, असं एकही नव्हतं."

"मातीतलं म्हणजे पाय द्यायले मोकळं."

"असं काय म्हणता?"

"तुमचं नाव काय म्हणलं? सुचिता ना. ते बी चांगलं आहे. च आहे, त आहे, टणक आहे. तेच ठेवा डब्याले."

मॅडम मोकळ्या हसल्या. म्हणे, "अहो, माझं कसं ठेवणार? ऑफिसमध्ये मी असते ना. कोणी डब्याला हाक मारली की मीच ओ देईन."

"अन् मी काय मेली का?"

 चुलीवरचा रिकामा तवा तापून धूर काढत होता, तो कोणी उतरवला नाही.

मी म्हणलं, "परवा मी ओ दिला, बाई. पिठाच्या हातानं दारात आली. मले सांगितलं, तुले नाही. तुम्ही तुमच्या हापिसात अशा दारात येऊन पाहा एकदा, अन् कोणी तुमच्याच नावानं दुसऱ्याले बोलावलं असं ऐका. मग फिल्म काढा माझी."

ओसरीवर खुर्ची वाजली. यांच्याकडं मी पाह्यलं नाही.

मॅडम आता लोण्याच्या राहिल्या नव्हत्या. निशिगंधाले म्हणे, "तू म्हणाली होतीस आजी तयार आहेत."

मले वाटलं पोरगी आता मले मनवेल, हातापाया पडेल. मी दात खाऊन बसली होती. तिले झाडायले शब्द बी तयार ठेवले होते.

ती म्हणे, "मॅडम, मी खोटं बोलले. मी तिला विचारलंच नव्हतं. हे नाव नको."

"आत्ता? वरपर्यंत सगळ्यांना दाखवून झालंय. काय सांगू मी त्यांना?"

"माझी चूक म्हणून सांगा."

"तुझीच म्हणून सांगणार आहे," मॅडम म्हणे. शाल माझ्याकडंच राह्यली. गाडीचा धुराळा बसेपर्यंत राजकुमार फाटकापाशी उभा होता, मग आत येऊन माझ्याकडं पाहून म्हणे, "झालं समाधान, आई?"

मी म्हणलं, नाही.

तयार ठेवेल शब्द तसेच राह्यले तोंडात. निशिगंधा चुलीपाशी येऊन बसली, तवा उतरवला, हात पोळून घेतला. फडकं घ्यायची अक्कल नाही, इंजिनीयर. तिच्या हाताले तूप लावलं मी. जोरात लावलं.

२२ जानेवारी, गुरुवार

पोरगी गेली. चिखलीहून पुण्याची गाडी होती. डबे मॅडम संगं घेऊन गेल्या, तर खोकं रिकामं. रिकामं कशाले न्यायचं म्हणून डाळ, शेवयांसारखे वाळवेल सरगुंडे, तिळाचे लाडू, हळद, सगळं कोंबलं त्याच्यात. राग होता ना, हाताले लागलं ते टाकलं. तिले उचलेना.

दारात म्हणे, आजी, एक विचारू? तुझी आई तुला काय म्हणायची माहेरी? कौतिका की अजून काही?

मी म्हणलं, गाडी चुकंल.

२ फेब्रुवारी, सोमवार

निशिगंधाचा फोन आला. पर्मनंट नाही केलं, पण काढलं बी नाही. पगार तोच, टेबल बदललं, कोपऱ्यात बसवलं. नवं नाव ठरलं डब्याचं. कोणाचंच नसलेलं, आपल्या मनानं बनवेल. किटुबा.

"म्हसोबाचा भाऊ वाटते," मी म्हणलं. "आधी काऊन नाही सुचलं?"

"आधी कोणी ओरडलं नव्हतं आजी."

बरं झालं, किटुबा तर किटुबा. आता गडी ऐकंल हुकूम.

दुसरी गोष्ट घरातली. त्या बुधवारपासून मी यांच्या हाकेले उठली नाही. ठरवून नाही. अवं आलं, अन् बूड उचललंच नाही. पहिल्या दिवशी त्याइले वाटलं ऐकू नाही आलं. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं. मग ऐकलं का, ऐकलं का. राजकुमारले सांगितलं, तुह्या आईचा कान दाखव डॉक्टरले. शारदा पाणी घेऊन धावायची, मी तिले खाली बसवली. म्हणलं, तुले नाही हाक मारली.

काल तर चक्क वच्छला म्हणले. पहिल्यांदा. शारदानं माझ्याकडं पाह्यलं. मी लसूण सोलत होती, सोलत राह्यली.

आज सकाळी हाक आली नाही. काठीचा आवाज आला. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. या उंबऱ्यापाशी मी त्याइले घर बांधलं तेव्हा पाह्यलं असंल, त्यानंतर नाही. दम लागला होता. चौकटीले धरून उभे राह्यले.

"चहा पायजे होता," असं म्हणे.

मी आधण ठेवलं.

तरी जाईना. मग म्हणे, "त्या दिवशी ओसरीवरून मले अर्धंच समजलं, बाकी पोरीनं फोनवर सांगितलं. ते नाव." काठी नीट टेकवली. "मले आठवत नव्हतं. मग आता काय म्हणू तुले? ते म्हणू का?"

मी म्हणलं, "नाही. ते नाव तुमच्या घरी कामाले आलं नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. पायजे ते असलं का इथपर्यंत येत जा."

उभेच होते. मी पाट सरकवून दिला. बसता येईना त्याइले खाली, गुडघे धरतात. शारदानं स्टूल आणलं. चहा तिथीच पिले, दारात, अर्धे आत अर्धे बाहेर. बशी मले नेऊन नाही द्यावी लागली. धुवायले मलेच लागली.